माळ्यावरचे तीन डबे

पत्र : आमचं घर गंगावेशीजवळ. घरात सासूबाई, आम्ही दोघं, बारा वर्षांचा मुलगा आणि सात वर्षांची मुलगी. मिस्टर शिरोलीत फौंड्रीत, पाळीचं काम. सासूबाई रोज दीड तास पूजा करतात, मिस्टर देवापुढं हातही जोडत नाहीत. गेल्या वर्षी सासरे गेले. ते दवाखान्यात असताना सासूबाईंनी जोतिबाला नवस बोलला होता. मुलगा आता विचारतो, "आज्जीनं नवस केला तरी आजोबा गेले, मग रोज दिवा कशाला लावायचा?" मला उत्तर सुचत नाही. मुलांना मिळालेल्याची जाण यावी म्हणून रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहायची वही सुरू केली, ती नऊ दिवसांत बंद पडली. दोघंही ताटात टाकतात. सासऱ्यांच्या दिवसांत शेजारच्या काकूंनी रोज जेवण पाठवलं, त्यांचे तीन डबे अजून आमच्या माळ्यावर आहेत. माझ्याकडूनच द्यायचं राहिलं. मी मुलांना काय शिकवणार? — एक वाचक, कोल्हापूर

ताई,

वही बंद पडल्याचं वाईट वाटून घेऊ नका, ती बंद पडणारच होती. सात वर्षांच्या पोरीला झोप डोळ्यावर आलेली असताना 'आजच्या तीन चांगल्या गोष्टी' विचारल्या की ती पहिल्या दिवशी आई, बाबा, आज्जी लिहिते. दुसऱ्या दिवशी शाळा, मैत्रीण, आइस्क्रीम. चौथ्या दिवशी परत आई, बाबा, आज्जी, कारण मोठ्यांना हेच वाचायला आवडतं हे तिनं ओळखलेलं असतं. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली अशा लिहिण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले, तेव्हापासून या वह्या जगभर पसरल्या. त्यांच्या पहिल्या प्रयोगात लिहिणारे कॉलेजातले विद्यार्थी होते आणि त्यांना आठवड्यातून एकदा लिहायचं होतं, असं दहा आठवडे. दुसरीतल्या मुलीला रोज रात्री बसवायचं हे आपण आपल्या मनानं वाढवलं.

त्याहून मोठी अडचण प्रश्नात आहे. 'चांगल्या गोष्टी' म्हटलं की मूल वस्तू मोजतं. जाण ठेवायची असते ती माणसाची. म्हणून प्रश्न बदला : "या आठवड्यात कुणाच्या कामामुळं तुझं काम झालं?" रविवारी दुपारी, जेवायला सगळे एकत्र असतील तेव्हा, आठवड्यातून एकदाच. एक माणूस, त्याचं एक काम, बस्स. रिक्षावाले काका दहा मिनिटं थांबले. शिपाईमामांनी हरवलेली बाटली शोधून ठेवली. सुरुवात मोठ्यांनी करायची, आणि महिन्यातून एकदा तरी मोठ्यांनी घरातल्याच कुणाचं नाव घ्यायचं. सासूबाईंनी सुनेचं, सुनेनं सासूचं घेतलं तर मुलांचे कान टवकारतील. कुणाला काही आठवलं नाही तर "पुढच्या रविवारी" म्हणून सोडून द्या. ओढून आणलेलं उत्तर पोरं लगेच ओळखतात.

आणि घरात 'थँक यू'ची सक्ती नको. आपल्याकडं आईला आभार म्हटलं तर ती "मला परकी केलीस काय?" म्हणून विचारते, आणि त्यात तिचं चुकत नाही. मराठी घरात उपकाराची पोच वेगळ्या रीतीनं दिली जाते. बाहेरून आलेल्याच्या हातात आधी पाण्याचा तांब्या. "दमलीस, बस जरा" म्हणून हातातली पिशवी घेणं. "आमटी लई भारी झालीया" असं तोंडभर सांगणं. जेवण झाल्यावर आपल्या ताटाबरोबर शेजारचंही ताट उचलणं. मुलाला हे चार प्रकार करता आले की पुष्कळ झालं. मात्र रात्रपाळीहून आलेल्या बापाला पाणी द्यायचं काम एकट्या मुलीकडं ढकलू नका. तिथं कृतज्ञता राहत नाही, पोरीला फक्त तिची पायरी दाखवली जाते. आणखी एक, जरा टोचेल : घरकामाला येणाऱ्या मावशींचा चहाचा कप वेगळा असेल, तर या पत्रातलं बाकी काहीही करण्याआधी तो बदला.

ताटात टाकण्याबद्दल. "किती लोकांना एवढंही मिळत नाही" हे वाक्य बंद करा. त्यानं मुलाला अपराधी वाटतं, भूक वाढत नाही, आणि पुढं पुढं ते आपली गाऱ्हाणीही तुमच्यापर्यंत आणायचं थांबवतं. पहिलं वाढप निम्मं करा, पुढचं मागून घेऊ द्या. आणि मोठ्याला रविवारी दोन भाकरी करायला बसवा. एका भाकरीला साधारण दीड मूठ ज्वारीचं पीठ, कढत पाणी, आणि पीठ तळहातानं चांगलं रगडून मळायचं. थापताना कड चिरली तर पाणी कोमट झालं असेल, मळणी कमी पडली असेल किंवा पीठ जुनं होऊन विरी गेलं, म्हणजे त्याचा चिकटपणा गेला असेल. तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवायचा, आणि ते पाणी सुकायच्या आत उलटायची. उशीर झाला की पापुद्रा सुटत नाही, भाकरी फुगत नाही. त्याच्या पहिल्या चार भाकऱ्या जगाच्या नकाशासारख्या होतील. त्या घरातल्यांनी काही न बोलता खायच्या. स्वतः थापलेली भाकरी टाकणारं पोरगं क्वचितच सापडतं.

धाकटीला विरजण द्या. रोजचं, एकटीचं काम. अर्धा लिटर दूध तापवून निवू द्यायचं. तापवण्याचं तुम्ही बघा, पुढचं तिचं. दुधात स्वच्छ बोट घालून सावकाश दहापर्यंत मोजता आलं की दूध तयार. त्यात एक चहाचा चमचा दही नीट मिसळायचं, झाकायचं आणि सोडून द्यायचं. उन्हाळ्यात पाच-सहा तास, थंडीत भांडं फडक्यात गुंडाळून नऊ-दहा. तिला सगळ्यात अवघड जाईल ते म्हणजे मधे उघडून न बघणं. हलवलं की दही मोडतं आणि पाणी सुटतं. दूध कढत असताना विरजण घातलं तर दही लावणारे जिवाणू मरतात आणि सकाळी नुसतं दूधच राहतं. विरजण जास्त पडलं तर आंबट होतं. बिघडलं की कारण शोधायचं, "आज सोवळं पाळलं नाहीस म्हणून" असलं काही कुणी बोलायचं नाही. श्रद्धा म्हणजे काय हे सात वर्षांच्या मुलीला शब्दांत सांगता येत नाही. आपल्याकडून करायचं ते नीट करून झाकण ठेवायचं आणि आत चाललेलं काम आपल्याला दिसत नाही म्हणून ढवळत बसायचं नाही, एवढं तिच्या हाताला कळतं. आणि घरातलं विरजण संपलं की वाटी घेऊन शेजारी जायला तिलाच पाठवा. मागायला शिकणं हाही त्यातलाच धडा आहे.

आता मुलाचा प्रश्न. त्याला देवाबद्दल शंका आहे त्याहून जास्त आपली आज्जी फसवली गेली का, ही काळजी आहे. म्हणून उत्तर देवापासून सुरू करू नका. आधी आजाराचं सरळ नाव घ्या, डॉक्टरांनी काय सांगितलं होतं ते बारा वर्षांच्या मुलाला समजेल एवढं सांगा. 'देवाची इच्छा' म्हणून विषय मिटवलात तर तो विचारायचं बंद करेल आणि तुम्हाला वाटेल की त्याचं समाधान झालं. मग नवसाबद्दल : दवाखान्यात माणूस पडून असतो, तेव्हा घरच्यांना करण्यासारखं फार थोडं उरतं. औषध डॉक्टर देतात, सलाईन सिस्टर बघतात. आज्जीच्या हातात त्या वेळी मागणं तेवढं होतं, ते तिनं केलं. नवस ही पावती नाही, की दाखवली आणि माल मिळाला. आणि शक्य असेल तर हे तुम्ही सांगू नका, आज्जीला सांगू द्या. "तुला राग आला का गं देवाचा?" असं त्यानं तिला विचारलं तर विचारू द्या. "आला होता" असं ती म्हणाली तर त्याला त्याचा अर्धा प्रश्न सुटल्यासारखं वाटेल. नवस पुरा न झाल्यावर जोतिबाला जायचं की नाही हा तिचा प्रश्न. जायचं असेल तर चैत्र यात्रेच्या गर्दीत तिला नेऊ नका, साधा रविवारही टाळा, अधल्यामधल्या वारी नातवाबरोबर जाऊ द्या.

त्याला दिवा लावायचा नसेल तर लावू नये. चेष्टा मात्र चालणार नाही. त्याऐवजी आजोबांचं एक रोजचं काम त्याच्याकडं द्या. ते तुळशीला पाणी घालत असतील, घड्याळाला चावी देत असतील, सकाळी दूध आणत असतील, जे असेल ते. काम निवडू द्या त्यालाच.

धाकटीशी वेगळं बोलावं लागेल. या वयाची मुलं मनातल्या मनात 'मी दंगा केला म्हणून आजोबा गेले' असं धरून बसतात आणि कुणाला सांगत नाहीत. ती विचारो न विचारो, "तुझ्यामुळं काही झालेलं नाही" हे स्वच्छ सांगा. 'आजोबा झोपले' म्हणू नका, तिला झोपायची भीती बसेल. 'देवाला चांगली माणसं आवडतात' हेही नको, मग चांगलं वागणं धोक्याचं वाटायला लागतं.

तुम्ही कोल्हापुरात राहता म्हणून एक गोष्ट हाताशी आहे, ती मुलाला दाखवा : अंबाबाईचा किरणोत्सव. देऊळ पश्चिमाभिमुख. नोव्हेंबरात ९, १० आणि ११ तारखेला, पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला मावळतीची किरणं महाद्वारातून शिरतात, गरुड मंडप ओलांडून गाभाऱ्यात पोचतात. पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुख, असा हिशोब. पण तो दरवर्षी जुळतोच असं नाही. क्षितिजावर ढग असले, हवेत धूळ-धुकं असलं किंवा वाटेत एखादं बांधकाम आडवं आलं की किरणं गुडघ्यापाशीच विरतात. मुखावर किरण आलं नाही म्हणून त्या संध्याकाळची आरती कुणी रद्द केलेली नाही. आणि म्हणून लोक नुसते हात जोडूनही बसले नाहीत. वाटेत काय आडवं येतंय याची पाहणी झाली, मोजमापं झाली, अडथळे काढायचा प्रयत्न झाला. सूर्य वेळ चुकवत नाही, आडकाठी मधे असते, काही हलवता येते, काही येत नाही. मुलाला घेऊन जायचं तर तिन्ही दिवस जा, सूर्यास्ताच्या तासभर आधी पोचा, आणि किरण कुठवर आलं ते त्याला तारखेसकट वहीत टिपू द्या. गर्दीत आत शिरता आलं नाही तर महाद्वार रोडवर उभं राहून सूर्य कुठल्या छपरामागं उतरतो ते बघू द्या. तेही तितकंच शिकवतं. ही वही टिकेल, कारण तिच्यात खरं काहीतरी बघायचं असतं. उत्तर मात्र तुम्ही काढून देऊ नका.

पाण्याचंही असंच. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३, हे तुमच्या भागातल्या पोरांना पाढ्यांसारखं पाठ असेल. २०१९ ला आणि २०२१ ला ती त्याच्याही खूप वर गेली. आणि याच नदीच्या नव्या पाण्याचे कलश आषाढात पोरी डोक्यावर घेऊन पी ढबाक वाद्यांच्या सुरावर टेंबलाई देवीच्या टेकडीवर जातात. भीती आणि जाण एकाच नदीपाशी नांदते. पुढच्या आषाढात धाकटीच्या डोक्यावर कलश द्या. कलश वरपर्यंत भरू नका, चार बोटं रिकामा ठेवा, नाहीतर टेकडी चढेपर्यंत निम्मं पाणी अंगावर. घरात पुराच्या वेळी कुणी आसरा दिला होता, कुणी गाडीत घालून नेलं होतं, हे त्या वाटेवर सांगा. घरी बसवून सांगितलं की ते व्याख्यान होतं.

मिस्टरांना देवापुढं उभं करायच्या फंदात पडू नका. फौंड्रीतला माणूस खंडेनवमीला काय करतो ते मुलांना बघू द्या. मशिनं बंद करून पुसायची, तेल-पाणी करायचं, हळदी-कुंकू लावायचं, ज्यांच्यावर वर्षभर पोट भरलं त्या हत्यारांना त्या दिवशी हात लावून काम घ्यायचं नाही. न मानणारी माणसंही हे मनापासून करताना दिसतात. घरी त्यांना मुलाची सायकल द्या. चेन रॉकेल लावलेल्या फडक्यानं पुसायची, कोरडी झाली की पेडल उलटं फिरवत तेलाचे थेंब सोडायचे, पाच मिनिटांनी वरचं तेल कोरड्या फडक्यानं टिपून घ्यायचं. ते टिपलं नाही तर धूळ चिकटून चेन आठ दिवसांत पहिल्यापेक्षा घाण होते. मग चाकात हवा, शेवटी हॅंडलला फूल. फूल लावायचं की नाही ते बापलेकांनी ठरवावं.

सासूबाईंकडून एकच मदत मागा. त्यांच्या दीड तासातली पाच मिनिटं मुलांना द्यायची आणि त्या पाच मिनिटांत टोकायचं नाही. फुलवात वळणं द्या धाकटीला. तिची बोटं ओली असतील, वात पेटणार नाही, दुसरी करावी लागेल. चालेल. नैवेद्य दाखवताना "देव खातो का?" असं विचारलं तर "आपण चाखायच्या आधी दुसऱ्यापुढं ठेवायचं, याला नैवेद्य म्हणतात" एवढं सांगून थांबायला सांगा. मग रात्री उरलेली, आंबायला लागलेली आमटी कुणाला 'देऊन टाकताना' मुलांनी तुम्हाला अडवलं तर रागावू नका. बरोबर शिकलीत ती.

राहिले डबे.

त्या दिवसांत तुमच्या घरची चूल बंद होती. सुतकाच्या घरातून भरलेलं भांडं परत जात नाही, म्हणून ते रिकामे राहिले, आणि रिकामा डबा द्यायचा नसतो म्हणून मग दिलेच गेले नाहीत. बहुतेक घरांत हे असंच होतं. यात तुमचा कृतघ्नपणा वगैरे काही नाही, दोन रीतींच्या मधे ते अडकले. वर्षभर उशीर झालाय म्हणून लाजून आणखी वर्ष घालवू नका.

या शनिवारी ते खाली काढा. वर्षभर बंद असलेल्या स्टीलच्या डब्याला वास येतो, तेव्हा साबणानं घासून, आतून लिंबाची फोड आणि मीठ चोळून, झाकणं उघडी ठेवून दिवसभर उन्हात घाला. आत ओल राहिली तर भरलेलं खराब होईल. एकात पाव किलो घरची कांदा-लसूण चटणी, दाबून भरलेली. दुसऱ्यात मुलानं केलेल्या दोन भाकऱ्या, कशाही झालेल्या असू देत. तिसऱ्यात मूठभर साखर किंवा चार लिंबं पुरेत. दुकानातला मिठाईचा पुडा नको. तो नेला की काकूंना वाटणार, हिशोब चुकता करायला आलेत. तिन्ही डबे काठोकाठ भरायचा अट्टहासही नको, मग पुढच्या वेळी त्यांनाही तेवढंच भरून द्यावं लागतं आणि देण्याघेण्याची शर्यत लागते.

डबे मुलांच्या हातात द्या, तुम्ही मागं उभ्या राहा. काय बोलायचं ते आधी ठरवा, पण पाठ करून घेऊ नका. "आजोबांच्या वेळी तुम्ही जेवण दिलंत, त्यातलं पिठलं मला आठवतंय" असं एक नेमकं वाक्य पुरे. पिठलं नसेल आठवत तर जे आठवतंय ते. उशिराबद्दल तुम्ही एकदाच म्हणा, "राहिलंच बघा द्यायचं", आणि लगेच दुसरं बोला. काकू म्हणतील, "अगं कशाला एवढं, शेजाऱ्यात कुठं असतं असलं?" मुलांना घरीच सांगून ठेवा की हे नको म्हणणं नव्हे, घ्यायच्या आधी असं म्हणायचं असतं. नाहीतर धाकटी डबा घेऊन परत फिरेल. काकूंनी आत बोलावलं तर बसा, चहा घ्या, सासऱ्यांचा विषय निघाला तर निघू द्या. मुलं तिथं असू देत.

आठ-पंधरा दिवसांत त्यातला एखादा डबा परत तुमच्याकडं येईल, आणि भरलेला येईल. तो रिकामा झाला की धुऊन ओट्यावर ठेवा, डोळ्यासमोर. माळ्यावर नको.